सूप, लक्ष्मी आणि सवलतीची चिठ्ठी

आश्विनाचा वद्यपक्ष लागला की घराघरांत दोन प्रकारची धांदल सुरू होते. एक स्वयंपाकघरातली. भाजणी दळून आणायची, करंज्यांचे सारण करायचे, तळणीच्या तेलाचा हिशेब करायचा. दुसरी दाराबाहेरची. वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीबेरंगी हस्तपत्रके गळू लागतात, रस्त्यावर कापडी फलक चढतात आणि हातातल्या दूरध्वनीवर घटकेघटकेला 'घसघशीत सूट' असा निरोप येतो. लक्ष्मी घरात येण्याचा हा सण. परंतु ती घराबाहेर जाण्याच्या वाटाही याच आठवड्यात सर्वांत अधिक उघडतात. म्हणून यंदाच्या दीपावलीच्या निमित्ताने, सूट, सवलत आणि कूपन या बाजारी वाटणाऱ्या विषयाचा आम्ही धर्मदृष्टीने थोडा विचार करणार आहोत.

कोणी म्हणेल, सणाच्या पानावर भावाचा हिशेब कशाला? कीर्तनकाराने देवाचे नाव घ्यावे, किराण्याच्या यादीत डोकावू नये. परंतु वाचकहो, गृहस्थाश्रम हा इतर तीन आश्रमांना पोसणारा आश्रम आहे, असे आपली शास्त्रे सांगतात. आणि जो आश्रम सर्वांना पोसतो त्याचा जमाखर्च हा धर्माचाच विषय होय.

गृहिणी आणि 'समर्घ'

आपल्या पूर्वजांनी काटकसरीला कधीच हलके मानले नाही. वात्स्यायनाच्या ग्रंथात गृहिणीच्या कर्तव्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मातीची, वेताची, लाकडाची, चामड्याची व लोखंडाची भांडी योग्य काळी आणि स्वस्त असताना घेऊन ठेवावीत, मीठ, तेल, मसाले व औषधे यांचा साठा घरात असावा, वर्षाचे उत्पन्न मोजून त्यास अनुरूप खर्च करावा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. 'स्वस्त' या अर्थी तेथे जो शब्द आहे तो 'समर्घ'. 'अर्घ' म्हणजे मूल्य. ज्याचे मूल्य मोठे ते 'महर्घ', त्याचेच आपल्या बोलीत 'महाग' झाले. आणि 'समर्घा'चे झाले 'सवंग'. गंमत अशी की आज 'सवंग' म्हटले की आपल्याला हलक्या अभिरुचीचे नाटक आठवते. स्वस्त ते हलके, हा ग्रह भाषेतही शिरला! शास्त्रकाराला मात्र समर्घ घेणारी गृहिणी हलकी वाटली नाही, शहाणी वाटली.

महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि सत्यभामा यांचा संवाद आहे. पती आपल्या शब्दात कसे राहतात, असे सत्यभामा विचारते. द्रौपदी मंत्रतंत्र सांगत नाही. ती आपला दिनक्रम सांगते आणि त्या ओघात म्हणते की, पांडवांच्या कोशात येते किती आणि जाते किती हे त्या घरात आपण एकटीच जाणत होतो. साम्राज्याची महाराणी, पण आयव्ययाची वही तिच्या मुखोद्गत. आमच्या माताभगिनींनी हा संवाद एकदा मुळातून वाचावा. घरखर्चाची वही लिहिणे हे काही कारकुनी काम नव्हे. ते द्रौपदीचे व्रत आहे.

ग्राहकाने हुशार असावे एवढेच सांगून शास्त्र थांबले नाही. विक्रेत्यालाही त्याने मर्यादा घातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याने ठरलेल्या खरेदीमूल्यावर देशी मालास शेकडा ५ आणि परदेशी मालास शेकडा १० एवढाच नफा घ्यावा, अधिक घेतल्यास दंड, असा नियम आहे. खोटी वजने आणि मापे यांना तर शिक्षा आहेच. एवढेच नव्हे, तर प्रजेला पीडा देणारा लाभ कितीही मोठा असला तरी राजाने तो टाळावा, असेही तो अर्थनीतीचा कठोर आचार्य सांगतो. तेव्हा रास्त भावाची अपेक्षा करणे हा लोभ नव्हे, तो प्रजेचा जुना हक्क आहे.

सुप्याची पेठ

हे सर्व आज कोठे पाहावे? फार दूर जावयास नको. अहिल्यानगरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव आहे. (बारामतीकडचे सुपे ते वेगळे.) हा तालुका अवर्षणाचा. येथल्या शेतकऱ्याचे डोळे एक आभाळाकडे आणि दुसरे कांद्याच्या भावाकडे. त्यातच गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाने आले, पाळ्यांत काम करणारा कामगारवर्ग आला, भाड्याच्या खोल्यांत नवे संसार थाटले गेले. परिणामी या एकाच पेठेत तीन प्रकारचे ग्राहक समोरासमोर येतात : पीक विकल्यावर हाती पैसा येणारा शेतकरी, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा कामगार आणि रोजच्या रोज कमावून रोजच खाणारा मजूर. दिवाळीपूर्वी कामगाराच्या हाती बोनस पडतो. कायद्याने तो पात्र कामगारास वेतनाच्या किमान ८.३३ टक्के मिळावयाचा असतो. म्हणजे साधारण वर्षाच्या बाराव्या हिश्शाइतका, एका महिन्याचा घास. हा घास हातात पडतो न पडतो तोच सवलतींचे फलक त्याच्यापुढे उभे राहतात. दूरचित्रवाणी संच, दुचाकी, सोने, कपडे! बाराव्या हिश्शाच्या बळावर वर्षभराच्या हप्त्यांचा संसार मांडला जातो. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केली नाही.

सुपा या गावाच्या नावाचा उगम काहीही असो, ते नाव ऐकले की कानाला सूप आठवते. आणि आजच्या विषयाला सुपासारखे दुसरे साधन नाही. सूप काय करते? धान्य आपल्याकडे ओढते आणि फोल बाहेर उडवते. चाळणीचे उलट आहे. ती पीठ खाली सोडून देते आणि कोंडा कवटाळून बसते. सवलतीच्या बाजारात शिरताना ग्राहकाने सूप व्हावे, चाळण होऊ नये.

फोलपट कोणते, दाणे कोणते

आता काही सवलती आपण या सुपात घालून पाखडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

'५० टक्के आणि वर २० टक्के सूट' असा फलक पाहून मन सत्तर टक्के वाचतात असे मानते. पण १,००० रुपयांच्या वस्त्रावर पहिली सूट मिळून राहतात ५००. दुसरी सूट त्या ५०० वर, म्हणजे १००. द्यावे लागतात ४००. सूट साठ टक्के झाली, सत्तर नव्हे. हीही सूट वाईट नाही. पण जे मिळाले नाही ते मिळाले असे समजून आणखी एक वस्त्र घेतले जाते, तेथे नुकसान आहे.

'एकावर एक मोफत' म्हणजे दोन्ही नग लागणारे असतील तर निम्मा भाव. वर्षभर लागणारा साबण असेल तर खुशाल घ्यावा. परंतु एकच नग लागणार असेल आणि दुसरा माळ्यावर पडून मुदत संपणार असेल, तर बचत शून्य. आणि मोफत मिळणार म्हणून नको असलेली वस्तूच घेतली असेल, तर बचत शून्याच्याही खाली. नको असलेली वस्तू अर्ध्या किमतीत घेणाऱ्याचे अर्धे पैसे वाचत नाहीत. अर्धे पैसे जातात.

आता कूपन घ्या. समजा, २,००० रुपयांच्या खरेदीवर ३०० रुपयांची चिठ्ठी मिळाली. ऐकायला पंधरा टक्के. पण चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत असते की, पुढील १,५०० रुपयांच्या खरेदीवरच ती चालेल आणि ठरावीक तारखेच्या आतच. म्हणजे ३,५०० रुपयांच्या मालासाठी ३,२०० रुपये मोजायचे. प्रत्यक्ष सूट साडेआठ टक्क्यांच्या आसपास, आणि तीही दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढल्यावर. आवळा देऊन कोहळा काढणे ते हेच. दुसरी खरेदी यादीत आधीपासूनच असेल तर चिठ्ठी लाभाची. केवळ चिठ्ठी वाया जाऊ नये म्हणून खरेदी करायची असेल, तर ती चिठ्ठी दिव्याच्या वातीला लावावी.

धनत्रयोदशीला सुवर्णखरेदी करण्याची चाल आहे. 'घडणावळीवर ५० टक्के सूट' हे शब्द तेव्हा ठळक असतात. समजा, सोने १ लाख रुपयांचे आणि घडणावळ १२ हजारांची. सूट मिळाली ६ हजार. करांचा भाग सोडून एकूण १ लाख १२ हजारांवर ही सूट सव्वापाच टक्क्यांहून थोडी अधिक. सूट आहे खरी, पण ती सोन्यावर नाही, घडणावळीवर आहे. शिवाय दुकानागणिक घडणावळ निराळी असते. म्हणून सुटीचा आकडा विचारण्याऐवजी घडणावळ वजा सूट किती, असे विचारावे. एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक दागिन्यावर असणे बंधनकारक झाले आहे, तोही पाहून घ्यावा. सूट दिली म्हणून पावती नाही, असे कोणी म्हटल्यास त्या सवलतीस दुरूनच नमस्कार करावा.

किराण्याच्या पुड्यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एक पुडा १ किलोचा, १४० रुपयांचा. शेजारी दुसरा १२० रुपयांचा, अधिक झगमगीत. हात स्वस्ताकडे जातो. पण उलटून पाहावे तर दुसरा ८०० ग्रॅमचा! पहिल्यात शंभर ग्रॅमला १४ रुपये पडतात, दुसऱ्यात १५. आता पुड्यावर वजनाच्या एककाची किंमतही छापलेली असते. म्हाताऱ्या डोळ्यांनी ती वाचणे कठीण. नातवंडांना सोबत न्यावे, त्यांचे गणितही पक्के होईल. पुड्यावर छापलेली कमाल किंमत ही सर्व करांसह असते. तीहून अधिक घेता येत नाही, कमी घेता येते. तेव्हा वर्षभर ३०० रुपयांना मिळणाऱ्या वस्तूवर ५०० छापून दिवाळीत 'चाळीस टक्के सूट' दिली, तर ग्राहकाच्या पदरी काय पडले? तीच ३०० रुपयांची वस्तू आणि एक गोड गैरसमज.

खाद्यवस्तूंच्या सुटीत तर डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. तूप, खवा आणि मिठाई फारच स्वस्त मिळू लागली तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी. पुड्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक व मुदतीची तारीख असते. मुदत जवळ आली म्हणून दिलेली सूट प्रामाणिक असते, पण ती आठ दिवसांत संपणाऱ्या घरासाठी, साठवणाऱ्यासाठी नव्हे. नैवेद्य देवाला दाखवायचा आणि नंतर घरातल्या लेकरांनी खायचा. दोघांनाही भेसळ चालत नाही.

आणि शेवटी 'शून्य टक्के व्याजाचा हप्ता'. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच स्पष्ट केले आहे की शून्य व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. ते व्याज प्रक्रियाशुल्कात किंवा रोख घेणाऱ्यास मिळणाऱ्या आणि हप्तेवाल्यास न मिळणाऱ्या सुटीत दडलेले असते. म्हणून हप्त्याने घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : रोख दिले तर किती? दोन आकड्यांतील अंतर हेच व्याज.

बळी, वामन आणि बारीक अक्षरे

बलिप्रतिपदेचे आख्यान सर्वांस ठाऊक आहे. वामनाने मागितली तीन पावले भूमी. दिसायला मागणी किती लहान! पण दोन पावलांत भूलोक आणि स्वर्ग व्यापले आणि तिसऱ्यासाठी बळीराजाने मस्तक पुढे केले. ती भगवंताची लीला होती. बळीचे त्यात कल्याणच झाले. 'अटी लागू' असे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिणाऱ्या जाहिरातदाराची मात्र ती लीला नव्हे. तो विष्णू नाही आणि आपण बळी नाही. म्हणून तिसरे पाऊल कोठे पडणार हे आपण आधीच विचारावे.

या विचारण्याला आता कायद्याचे बळ आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला; त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यान्वये पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ज्या भावाने माल देण्याची रास्त शक्यताच नाही त्या भावाची जाहिरात करून ग्राहकास ओढून आणणे, यास जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'आमिषाची जाहिरात' मानून मर्यादा घातल्या आहेत. 'मोफत' या शब्दाच्या वापरावरही बंधने आहेत. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तो तक्रार करू शकतो, म्हणजे सुप्याच्या माणसाने मुंबईची पायपीट करण्याचे कारण नाही. आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाही. प्रथम सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. मात्र या सर्वांचे मूळ एका कागदात आहे, तो म्हणजे पावती. लक्ष्मीपूजनात वहीची पूजा करणाऱ्या समाजाने पावतीचा कागद चुरगाळून टाकावा, यासारखा विरोधाभास नाही.

खरी सूट कोठे आहे

फोलपट इतके उडवले, तर दाणे कोणते, असा प्रश्न साहजिकच येईल. दाणे पुष्कळ आहेत; ते गाजावाजा करीत नाहीत एवढेच.

पहिला दाणा राज्यव्यवस्थेचा. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नवरात्राच्या घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. तूप, लोणी, सुका मेवा, भांडी यांवरील १२ वरून ५ वर. हे दर लक्षात ठेवले तर पावती वाचता येते. आणि जी घट कराची आहे ती दुकानदाराची सूट म्हणून आपल्या माथी मारली जात नाही. शिधापत्रिकेचाही विसर पडू नये. अन्नसुरक्षा कायद्याखालील पात्र कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून धान्य विनामूल्य मिळू लागले आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने 'आनंदाचा शिधा' या नावाने रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लिटर पामतेल असा संच १०० रुपयांत दिला, तेव्हा ज्या घरांत एरवी करंजी झालीच नसती त्या घरांतही कढई चढली. गरिबाच्या सणाला लागलेला हातभार ही सूट नव्हे, तो समाजाने देवाला दाखवलेला नैवेद्य आहे.

दुसरा दाणा याहून मोठा, कारण तो आपल्या हाती आहे. तो म्हणजे एकत्र येऊन खरेदी. इंग्लंडच्या उत्तरेस रॉचडेल नावाच्या गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, आपापली तुटपुंजी पुंजी एकत्र करून एक लहानसे दुकान काढले. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या. चोख माप, निर्भेळ माल आणि नफा उरल्यास ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत, हा त्यांचा नियम. ही जगातली खरी सवलतीची चिठ्ठी! दुकानदाराने गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी दिलेली नव्हे, गिऱ्हाइकांनीच एकमेकांना दिलेली. हाच विचार आपल्याकडे सहकाराच्या रूपाने रुजला. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीतून १९४८ साली 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी, गायक-संगीतकार सुधीर फडके आदी मंडळींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र करायची, माल ठोक भावाने आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. ना फलक, ना दिव्यांची रोषणाई, ना 'अटी लागू'. यादी आधी आणि खरेदी नंतर, हे तिचे मर्म. जाहिरातीचा बाजार नेमका उलटा चालतो.

सुप्याच्या परिसराला ही कल्पना परकी नाही. याच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी ग्रामविकासाचे काम उभे केले तेव्हा मंदिराच्या आधाराने धान्यकोश सुरू झाला : ज्याच्याकडे अधिक त्याने धान्य ठेवायचे, ज्याला नड त्याने न्यायचे आणि पीक आल्यावर वाढीसह परत करायचे. सावकाराच्या दारी जाणारी पावले देवळाकडे वळली. मग सुप्यातील, किंवा अशा कोणत्याही गावातील, एखाद्या भजनी मंडळाने वा महिला बचत गटाने दहा घरांची फराळाची यादी एकत्र करून डाळ, साखर, तेल, रवा एकदम आणावयास काय हरकत आहे? जेथे दहा टाळ एका तालात वाजू शकतात तेथे दहा घरांच्या याद्या एका कागदावर मावू शकतील.

कोणाकडून वाचवायचे?

येथे एक गोष्ट मात्र आम्हांस कळकळीने सांगावीशी वाटते. बचत करताना ती कोणाच्या ताटातून होते आहे, हे पाहिले पाहिजे. मोठ्या दुकानात छापील भाव मुकाट्याने देणारा गृहस्थ बाहेर येतो आणि पदपथावर पणत्या विकणाऱ्या कुंभाराशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. केरसुणी विकणाऱ्या बाईला दर पाडून मागतो. ज्या केरसुणीची लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहून पूजा करायची, ती वळणाऱ्या हातांना तिचे रास्त मोल नाकारायचे, ही पूजा कसली? जो कांदा उत्पादकाला मातीमोल जातो त्याच्यावर आणखी घासाघीस करणे ही काटकसर नव्हे. बलाढ्याकडून सवलत मागावी, दुर्बळाला सवलत द्यावी.

तसेच गावातल्या किराणा दुकानदाराचेही आहे. दूरच्या भव्य दुकानात वर्षातून चार वेळा मोठी सूट मिळेल. परंतु पाऊस रुसला, कारखान्यातले काम सुटले, घरात आजारपण आले, त्या महिन्यात उधारीची वही उघडणारा तो गल्लीतलाच दुकानदार असतो. ती उधारी ही त्याने दिलेली सूटच होय. तिचा फलक लागत नाही. त्याचा भाव दोन रुपयांनी अधिक असेल तर हिशेब करताना ही बाजूही तराजूत घालावी. आणि त्यानेही अडलेल्यास अडवू नये. संत तुकाराम महाराज स्वतः वाण्याच्या घरचे. परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. त्यांचे शिष्य निळोबाराय यांचे पिंपळनेर याच पारनेर तालुक्यात आहे. तुकोबांची शिकवण अशी की, धन चोख व्यवहारानेच मिळवावे आणि त्यात जीव न गुंतवता ते खर्चावे. व्यापारी आणि ग्राहक दोघांनाही पुरून उरेल असा हा उपदेश आहे.

वाचलेल्या पैशाचे काय?

भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीराजास द्रव्याचे पाच वाटे सांगतात : एक धर्मासाठी, एक कीर्तीसाठी, एक द्रव्य वाढविण्यासाठी, एक उपभोगासाठी आणि एक स्वजनांसाठी. बळीने त्या प्रसंगी गुरूचे ऐकले नाही, दिलेला शब्द पाळला आणि तो अमर झाला. पण ती बळीची योग्यता. आपल्यासारख्या प्रापंचिकांना शुक्राचार्यांचा हा हिशेब आजही वाट दाखवील. समजा, यादी करून, पुडे पारखून, दहा घरांनी एकत्र खरेदी करून एका घराचे या दिवाळीत १,००० रुपये वाचले. शुक्राचार्यांच्या दृष्टीने त्यांतले २०० दान : एखाद्या खोलीतल्या परगावच्या कामगाराच्या लेकराला फराळ आणि फटाक्यांऐवजी वही. २०० गावाच्या कामासाठी : मंदिराची दिवाबत्ती वा शाळेचे ग्रंथालय. २०० बचतीत : मुलीच्या नावे पोस्टात. २०० आनंदासाठी : सण आहे, तेव्हा हौसेला बंदी नाही. उरलेले २०० स्वजनांसाठी : भाऊबीजेला बहिणीच्या ताटात थोडे अधिक. अशा रीतीने वाटली गेली तरच बचतीला पुण्याची जोड मिळते. नाहीतर एका सवलतीत वाचलेला पैसा दुसऱ्या सवलतीत जातो आणि वर्षअखेरीस हाती उरतात त्या नुसत्या चिठ्ठ्या.

आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक विधी सांगितला आहे. मध्यरात्र झाली, घरातील माणसांचे डोळे निद्रेने जड झाले, म्हणजे स्त्रियांनी सूप आणि डिंडिम वाजवीत अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवून द्यावे. महाराष्ट्रात अनेक घरांत आजही केरसुणीने सूप वाजवीत ही अलक्ष्मी दूर केली जाते. अलक्ष्मी म्हणजे केवळ दारिद्र्य असे समजू नये. गरज नसता घेतलेली वस्तू, फेडता न येणारा हप्ता, न वाचलेली अट आणि दुर्बळाच्या तोंडचा काढलेला घास ही तिचीच रूपे आहेत. पूजा लक्ष्मीची एकच संध्याकाळ असते. अलक्ष्मीला मात्र वर्षभर सूप दाखवावे लागते.

सर्व वाचकांच्या घरी या दीपावलीत धान्याने भरलेले सूप, तेलाने भरलेला दिवा आणि ऋणाने रिकामी वही असो, एवढीच श्रीपांडुरंगचरणी प्रार्थना. शुभं भवतु.